नाव झाकलं तरी ओळखू यावा असा जादूगार

चार नवे जादूगार क्लास, म्हणजे खेळाडूने निवडायचे पात्रांचे प्रकार, पूर्ण करायला २१ आठवडे लागले. जूनच्या पहिल्या रविवारी कोरी वही उघडली आणि ऑक्टोबर संपता संपता ३८ पानांची पीडीएफ हातात आली. हे क्लास डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायच्या कथा-खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर चालतात आणि पात्राच्या फक्त लेव्हल १ ते ५ पर्यंतच जातात. काय काय अडलं, का अडलं आणि कशाने सुटलं ते इथे क्रमाने लिहून ठेवतो आहे. सुरुवात करताना सल्ले भरपूर सापडले, आकडे मात्र फार कमी. म्हणून आकडे हात न आखडता दिले आहेत.

पहिल्या आठवड्यात वहीत सहा क्लास होते. अग्निजादूगार, हिमजादूगार, मनाच्या शक्तीवर चालणारा, कर्जावर जादू घेणारा, गाठी मारणारा आणि धागे धरून ठेवणारा. प्रत्येकाला उगमकथा, पोशाख, स्वभाव, सगळं होतं. मग प्रत्येकाची एकच पाळी लिहून काढली: शत्रू तीस फुटांवर आहे, हा काय करतो? सहापैकी चौघांचं उत्तर शब्दशः सारखं आलं. स्लॉट (स्पेल, म्हणजे मंत्र, टाकायची मोजून मिळणारी संधी) खर्च करतो, फासे टाकतो, शत्रूचे हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) कमी होतात. ज्वाळेच्या जागी बर्फ आला, एवढाच फरक.

तेव्हापासून एक चाचणी कायम ठेवली. क्लासचं नाव, स्पेलची नावं आणि वर्णन झाकायचं, खेळाडू टेबलावर काय करतो तेवढंच वाचायचं, आणि कोणता क्लास आहे ते ओळखता येतं का पाहायचं. ही चाचणी पहिल्याच दिवशी घ्या. दहाव्या आठवड्यात घेतली तर लिहिलेलं फाडायला हात धजावत नाही.

दुसरा आठवडा जुने नियम वाचण्यात गेला आणि तो वेळ सत्कारणी लागला. १९७४ च्या मूळ खेळात जादू करणारे दोनच क्लास होते, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक (बरं करणारा पुरोहित). स्पेल आधी पाठ करायचा आणि एकदा वापरला की तो डोक्यातून पुसला जातो, ही पद्धत जॅक व्हान्सच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ'मधून आलेली. पुढे २००० साली तिसऱ्या आवृत्तीत सॉर्सरर आला. त्याची आणि विझार्डची, म्हणजे जुन्या मॅजिक-यूझरची, स्पेल-यादी एकच होती, पुस्तकात दोघांच्या नावाने एकत्रच छापलेली. तरी टेबलावर दोघे वेगळे वाटायचे. विझार्डला आज कोणता स्पेल किती वेळा लागेल हे सकाळीच ठरवावं लागे. सॉर्सररला मोजकेच स्पेल येत, पण त्यातला कोणता वापरायचा हे ऐन वेळी ठरवता येई. यादी तीच, निर्णयाची वेळ वेगळी. सहा क्लासच्या उगमकथांनी जे साधलं नव्हतं ते या एका फरकाने साधलं होतं.

उलट बाजूचं उदाहरणही तिथेच सापडलं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सगळ्या क्लासच्या शक्ती एकाच साच्यात बसवल्या होत्या: हवं तेव्हा, चकमकीत एकदा, दिवसातून एकदा. समतोल उत्तम साधला, पण सगळे क्लास हाताला सारखेच लागतात ही तक्रार त्या आवृत्तीला शेवटपर्यंत चिकटून राहिली. माझ्या मते ती तक्रार अर्धीच खरी आहे, कारण तिथे क्लासच्या भूमिका अतिशय स्पष्ट होत्या. तरी खर्चाची लय एकच असली की खेळाडूला तेच जाणवतं, हे मात्र मानावं लागतं.

या वाचनातून वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. या क्लासचा महत्त्वाचा निर्णय कधी घेतला जातो? त्याची किंमत कोणत्या चलनात मोजली जाते? आणि चूक झाली तर नेमकं काय जातं? अग्नी आणि हिम या दोघांची तिन्ही उत्तरं एकच आली, म्हणून ते एकत्र केले. मनःशक्तीवाला पूर्ण काढून टाकला. तो बरंही करायचा, मारायचाही, मनं वाचायचा आणि उडायचाही. पाचव्या आवृत्तीसाठी खेळ काढणाऱ्या खुद्द कंपनीने मिस्टिक नावाचा असा क्लास चाचणीला दिला होता, २०१७ मध्ये त्याचा मोठा मसुदा आला, आणि पुढे तो सोडून देऊन मनःशक्ती इतर क्लासच्या सबक्लासमध्ये (उपप्रकारांत) वाटून दिली. सगळं करू शकणारा क्लास टेबलावरच्या प्रत्येकाचं थोडं थोडं काम पळवतो. त्या जागी नवा क्लास न शोधता चारवरच थांबलो.

ते चार असे. गाठकरी सकाळी दोरीवर गाठी मारतो, प्रत्येक गाठीत एक स्पेल, आणि ती गाठ सोबत्याला देऊ शकतो. ऋणको कधीही, काहीही उसनं घेतो, पण देणं साचत जातं आणि केव्हातरी तगादा येतो. निखारी चकमक सुरू होताना जवळजवळ रिकामा असतो, फेरीगणिक तापत जातो. सूत्रधार क्षणिक जादू करतच नाही, तीन धागे धरून ठेवतो आणि दर पाळीला त्यातला एक ओढतो, बांधतो किंवा तोडतो. निर्णयाची वेळ: पहिल्याची सकाळी, दुसऱ्याची प्रत्येक स्पेलला, तिसऱ्याची 'आता की पुढच्या फेरीत', चौथ्याची 'कोणता सोडू'.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात हिशेब. इथे बहुतेक जण घाबरतात. बेरीज-गुणाकारापलीकडे काही लागत नाही. २०१४ सालच्या गेम मास्टरच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात स्लॉटऐवजी गुण वापरण्याचा एक पर्यायी नियम आहे. स्पेलची लेव्हल पात्राच्या लेव्हलहून वेगळी, ती स्पेलची ताकद सांगते: पहिल्या लेव्हलच्या स्पेलला २ गुण, दुसऱ्या लेव्हलच्या स्पेलला ३, तिसऱ्याला ५. लेव्हल ५ च्या विझार्डकडे ४, ३ आणि २ असे स्लॉट असतात. चार दुणे आठ, तीन त्रिक नऊ, पाच दुणे दहा. एकूण २७ गुण. हा २७ चा आकडा चारही क्लासचा दिवसभराचा अर्थसंकल्प धरला.

याच गुणांनी वॉरलॉक हा खेळातला आणखी एक जादूगार क्लास मोजून पाहा, म्हणजे ही पद्धत किती उपयोगी आहे ते कळेल. लेव्हल ५ ला त्याच्याकडे तिसऱ्या लेव्हलचे दोनच स्लॉट, म्हणजे १० गुण. पण शॉर्ट रेस्टला, म्हणजे दिवसातल्या छोट्या विश्रांतीला, ते परत मिळतात. त्याच पुस्तकाचा अंदाज दिवसाला ६ ते ८ मध्यम किंवा कठीण चकमकी आणि साधारण दोन शॉर्ट रेस्टचा आहे, म्हणजे वॉरलॉकचे दिवसाला ३० गुण. विझार्डच्या अगदी जवळ. आता दिवसात एकच चकमक खेळणारं टेबल घ्या. तिथे विझार्ड २७ आणि वॉरलॉक १०. क्लास कमकुवत आहे अशी तक्रार आली की आधी दिवसात किती चकमकी होतात ते विचारा. आपला क्लास कोणत्या लांबीच्या दिवसासाठी बांधला आहे हे पीडीएफच्या पहिल्या पानावर लिहावं, असं मला ठामपणे वाटतं.

इजेसाठी त्याच पुस्तकातली मापं घेतली: तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलने एका शत्रूला ५डी१० (दहा बाजूंचे पाच फासे), म्हणजे सरासरी २७.५, अनेकांना ६डी६, म्हणजे सरासरी २१. फायरबॉल हा तिसऱ्या लेव्हलचा आगीच्या गोळ्याचा स्पेल मोजपट्टी म्हणून वापरू नका. तो ८डी६ चा आहे, सरासरी २८, आणि आपल्या लेव्हलच्या मापापेक्षा मुद्दाम मोठा ठेवलेला आहे. नवखा डिझायनर फायरबॉलशी बरोबरी करायला जातो आणि सगळे स्पेल तिसऱ्या हिश्श्याने फुगवून ठेवतो.

लिहिताना आधी लेव्हल ५ लिहिली, मग १, मग ३, आणि २ व ४ सर्वांत शेवटी. १ पासून सुरुवात केली की पहिल्याच पानावर सगळ्या चमकदार कल्पना संपतात आणि पुढे द्यायला काही उरत नाही.

सर्वांत जास्त वेळ ऋणकोने खाल्ला, आणि सर्वांत जास्त शिकवलंही त्यानेच. पहिला नियम असा होता: स्पेल टाकला की त्याचे गुण देण्यात मिळवा, मग डी२० टाका, फासा एकूण देण्याइतका किंवा कमी आला तर तगादा. वाचायला सुटसुटीत. पाचव्या आठवड्यात कागदावर शक्यता काढल्या तेव्हा खोट दिसली. तिसऱ्या लेव्हलचे दोन स्पेल टाकले तर देणं ५ आणि मग १०. पहिल्यांदा वाचण्याची शक्यता ७५ टक्के, दुसऱ्यांदा ५०. दोन्हीतून सुटण्याची ३७.५ टक्के. आता तेवढंच, १० गुणांचं देणं पहिल्या लेव्हलच्या पाच छोट्या स्पेलनी करा. देणं २, ४, ६, ८, १०. सुटण्याच्या शक्यता ९०, ८०, ७०, ६०, ५०. सगळ्यांचा गुणाकार सुमारे १५ टक्के. म्हणजे जपून, थोडं थोडं उसनं घेणाऱ्यालाच जास्त शिक्षा. क्लासचा सगळा आशयच उलटा झाला होता. ज्या नियमात दर वापराला फासा पडतो तिथे ही खोट हमखास लपलेली असते, कारण छोट्या वापरात फाशांची संख्या वाढते.

उपाय कागदाच्या पट्टीवर सापडला. कॅरेक्टर शीटवर २० चौकोनांची एक आडवी पट्टी आखली आणि दर ५ चौकोनांनंतर जाड रेघ मारली. चौकोन भरत जायचे. फासा फक्त जाड रेघेपर्यंत पोचल्यावर किंवा ती ओलांडल्यावर टाकायचा. आता पाच छोट्या स्पेलना दोनच फासे पडतात, ६ ला आणि १० ला: ७० गुणिले ५०, म्हणजे ३५ टक्के. दोन मोठ्यांचे ३७.५ टक्के. फरक नगण्य. आणि न ठरवता एक गोष्ट मिळाली: रेघेच्या अलीकडे एक चौकोन उरलेला असला की खेळाडू थांबतो, पट्टीकडे पाहतो आणि विचार करतो. मला हवा होता तो क्षण हाच.

तगादा म्हणजे काय, याची तीन रूपं झाली. आधी स्वतःला इजा. ती क्लेरिकने भरून काढली, म्हणजे किंमत दुसऱ्याच खेळाडूने मोजली. मग सावकाराची कामगिरी, 'अमुक जागी जाऊन अमुक आण'. त्याने प्रत्येक सेशन एकाच पात्राभोवती फिरायला लागलं. शेवटी असं ठरलं: तगादा आला की लाँग रेस्टपर्यंत, म्हणजे दिवस संपवणाऱ्या मोठ्या विश्रांतीपर्यंत, आपल्या यादीतला एक स्पेल गहाण पडतो, कोणता ते खेळाडूने ठरवायचं, आणि देण्यातले ५ चौकोन पुसले जातात. लाँग रेस्टने सगळं देणं फिटत नाही, लेव्हलच्या तिप्पट चौकोनच पुसतात. लेव्हल ५ ला १५. दिवसाला २७ गुण वापरायचे तर उरलेल्या १२ साठी दोन-तीन तगादे सोसावे लागतात. देणं दुसऱ्या दिवशी सोबत येतं, म्हणून एका चकमकीच्या दिवसातही ऋणको हात मोकळा सोडू शकत नाही.

निखारीची अडचण वेगळी होती. पहिल्या मसुद्यात ० निखाऱ्यांपासून सुरुवात, दर पाळीच्या आरंभी एक, कमाल ५, आणि स्पेलची लेव्हल तेवढे निखारे खर्च. चकमकी साधारण तीन फेऱ्यांत संपत होत्या. म्हणजे तिसऱ्या लेव्हलचा स्पेल तिसऱ्या पाळीला तयार व्हायचा आणि तोवर मारायला कुणी उरलेलं नसायचं. सुरुवातीला १ निखारा दिला. आता दुसऱ्या पाळीला ३ होतात. पण त्याने सात चकमकींच्या दिवसात बेरीज २८ स्पेल-लेव्हलवर गेली आणि विझार्डची ४, ६ आणि ६ मिळून १६ होते. म्हणून निखारीच्या स्पेलची ताकद दोन तृतीयांश केली: ६डी६ च्या जागी ४डी६, सरासरी २१ ऐवजी १४. अठ्ठावीसचे दोन तृतीयांश १९ च्या आत येतात. थोडं जास्त आहे, पण न वापरलेले निखारे चकमक संपताच विझतात, त्यात ते निघून जातं. शिवाय ३ किंवा अधिक निखारे बाळगून पाळी संपवली तर प्रत्येकामागे १ हिट पॉइंट जातो. धरून ठेवण्याला किंमत नसेल तर 'आता की नंतर' हा प्रश्नच उरत नाही.

चकमकीत साठणारी शक्ती लिहिणाऱ्या प्रत्येकाने दोन पळवाटा आधीच बुजवाव्यात. एक जुनी, उंदरांच्या पोत्याची: निरुपद्रवी प्राणी सोबत ठेवायचे आणि त्यांना मारून शक्ती भरायची. निखारे वाराशी न जोडता पाळीशी जोडले की ती बंद होते. दुसरी जास्त चलाख: शेवटचा दुबळा शत्रू मुद्दाम जिवंत ठेवायचा आणि मिळणाऱ्या निखाऱ्यांवर सगळ्यांना बरं करत बसायचं. त्यासाठी यादीतून बरं करणारे सगळे स्पेल काढले. यातूनच पुढे चारही क्लासच्या पानावर 'याला काय जमत नाही' अशी चौकट आली. निखारी बरं करत नाही. ऋणको प्राणी बोलावत नाही. सूत्रधार धागा तोडल्याशिवाय थेट इजा करत नाही. गाठकरीकडे दुसऱ्याच्या पाळीत टाकायचे स्पेल नाहीत. काय देतो यापेक्षा काय नाकारतो यावर क्लास जास्त लवकर ओळखू येतो.

सहाव्या आठवड्यापासून पंधराव्यापर्यंत प्लेटेस्ट, म्हणजे खेळून चाचणी, एकूण १४ सेशन. दर वेळी तेच तीन प्रसंग: एकच मोठी चकमक, लाँग रेस्टशिवाय सलग तीन चकमकी, आणि एकही वार नसलेला दरबारातला प्रसंग. राक्षस तेच, खोल्या त्याच, पात्रं आधी तयार केलेली. एका सेशनपासून पुढच्या सेशनपर्यंत फक्त एक नियम बदलायचा. तिसऱ्या सेशनला एकदम चार नियम बदलले होते आणि खेळ सुधारला तो कशाने, हे आजही सांगता येणार नाही. ते सेशन वाया गेलं असंच धरलं. बिनवाराचा प्रसंग टाळू नका. निखारी तिथे तासभर नुसता बसून राहिला तेव्हाच त्याला दिवसातून तीन वेळा निखाऱ्यांशिवाय करता येणारे विधी द्यायला हवेत हे लक्षात आलं.

प्रत्येक पाळी फोनवरच्या स्टॉपवॉचने मोजली. विझार्डची सरासरी ७० सेकंद. सूत्रधाराची पहिल्या सेशनला ४ मिनिटं १० सेकंद. पाच जणांच्या टेबलावर एवढी पाळी म्हणजे उरलेले चौघे कंटाळले. कारण सरळ होतं, तिन्ही धाग्यांना दर पाळी वेगळे फासे पडत होते. फासे काढून टाकले, धाग्यांना ठरावीक परिणाम दिले, आणि प्रत्येक धागा एका कार्डावर एका वाक्यात बसलाच पाहिजे असा दंडक घातला. उदाहरणार्थ: 'या दारातून जाणाऱ्या शत्रूचा वेग निम्मा होतो.' जो धागा एका वाक्यात मावला नाही तो रद्द. वेळ १ मिनिट ४० सेकंदांवर आला.

सूत्रधारात आणखी एक गणिती खड्डा होता. इजा झाली की एकाग्रतेचा सेव्ह (बचावाचा डी२०) लागतो, डीसी (गाठायचा आकडा) १० किंवा इजेच्या निम्मे, यातलं जे जास्त असेल ते. +२ असलेल्या पात्राला डीसी १० ला ८ किंवा वर हवेत, म्हणजे ६५ टक्के. तीन धाग्यांना तीन वेगळे सेव्ह दिले तर तिन्ही टिकण्याची शक्यता २७ टक्क्यांच्या आसपास. एका बाणाने दोन पाळ्यांची मेहनत उधळली जायची. आता सेव्ह एकच, आणि चुकला तर सर्वांत नंतर बांधलेला धागा तुटतो. महत्त्वाचा धागा आधी बांधायचा, हा डावपेच त्यातून आपोआप आला.

गाठकरी तुलनेने शांत होता. लेव्हल ५ ला ९ गाठी. सुरुवातीला खरोखरीची दोरी टेबलावर ठेवली होती आणि खेळाडूंना ती फार आवडली, पण ताणलेली गाठ सोडायला नखं लावून बसावं लागायचं आणि सगळं टेबल थांबून राहायचं. तिच्या जागी कार्डं आली. गाठ सोबत्याच्या हातात गेल्यावर डीसी कुणाचा, हा वाद दर सेशनला व्हायचा. म्हणून गाठ मारतानाच गाठकरीचा डीसी कार्डावर लिहायचा: ८ अधिक प्रॉफिशियन्सी (लेव्हलनुसार वाढणारा बोनस) अधिक क्षमतेचा बोनस, लेव्हल ५ च्या नमुना पात्राला १५. दोघांनी एकाच फेरीत तिसऱ्या लेव्हलच्या दोन गाठी सोडून पहिल्याच फेरीत चकमक संपवली, तेव्हा सगळ्या गटात मिळून फेरीला एकच गाठ सुटेल असा नियम घातला.

लेव्हल वाढेल तसं गणित टिकतं का, हेही या टप्प्यात तपासून घ्या. २००६ साली तिसऱ्या आवृत्तीत ट्रूनेमर नावाचा क्लास आला होता. खरं नाव उच्चारून जादू करायची, कल्पना सुरेख. पण त्याच्या चाचणीचा आकडा १५ अधिक शत्रूच्या आव्हान-पातळीच्या दुप्पट होता. पात्राचं कौशल्य लेव्हलला एकने वाढायचं, आकडा दोनने. पात्र जितकं अनुभवी तितकं त्याला अवघड, आणि दिवसात तोच उच्चार यशस्वी झाला की आकडा आणखी २ ने चढायचा. दोन स्तंभांचं साधं कोष्टक काढलं असतं तरी हे दिसलं असतं.

सोळाव्या आठवड्यात मसुदा दोन अनोळखी गटांना पाठवला, एका शब्दाचंही स्पष्टीकरण न देता. सोबत चारच प्रश्न: कुठे थांबून पुन्हा वाचावं लागलं? कोणता नियम विसरला गेला? कोणत्या पाळीला काही करावंसं वाटलं नाही? कोणतं पात्र पुन्हा खेळाल? 'आवडलं का' हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. एका गटाचं उत्तर १९ दिवसांनी आलं, दुसऱ्याचं पाठवल्यापासून पाचव्या आठवड्यात. या प्रतीक्षेत नियमांना हात लावला नाही, नाहीतर त्यांची उत्तरं अस्तित्वात नसलेल्या मसुद्याबद्दलची ठरली असती.

पहिल्या गटात गाठकरीकडे तिसऱ्या दिवशी २७ गाठी होत्या. मसुद्यातलं वाक्य होतं: 'लाँग रेस्टनंतर ९ गाठी बांधता येतात.' जुन्या गाठींचं काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण आमच्या टेबलावर ते सगळ्यांना तोंडी माहीत होतं. नवं वाक्य: 'लाँग रेस्ट संपताच न सोडलेल्या सर्व गाठी, त्या कुणाकडेही असोत, विरून जातात. त्यानंतर नव्या ९ गाठी बांधा.' अशी ११ वाक्यं बदलली. आपल्याच टेबलावर हजार वेळा खेळूनही ही भोकं दिसत नाहीत.

स्पेल लिहिणं हे सर्वांत मोठं वेळखाऊ काम निघालं. प्रत्येक क्लासला १८, म्हणजे ८, ६ आणि ४. एकूण ७२. कोणत्याही दोन क्लासमध्ये ३ पेक्षा जास्त स्पेल सामायिक नसावेत ही अट. जुन्या स्पेलची नवी मांडणी करायला सुमारे २५ मिनिटं लागायची, नवा लिहायला दोन तास. सगळ्या प्रकल्पाचे अंदाजे १७० तास झाले, त्यातले ८० फक्त स्पेलचे.

शेवटचे दोन आठवडे लायसन्स आणि मांडणीचे. पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१, म्हणजे इतरांनी वापरावा म्हणून दिलेला मूळ नियमांचा संच, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स सीसी-बाय-४.० (श्रेय देऊन वापरायची मुभा देणारं लायसन्स) खाली खुला झाला. २०२५ मध्ये सुधारित नियमांचा एसआरडी ५.२ त्याच लायसन्सखाली आला. दोन्ही मिसळू नका, एकच धरा, आम्ही ५.१ धरला. श्रेयनोंद एसआरडीच्या पहिल्या पानावर दिलेल्या शब्दांतच छापायची आणि आपण मजकुरात बदल केले आहेत हेही नोंदवायचं. मुखपृष्ठावर खेळाचं नाव किंवा लोगो घालायचा नाही, 'पाचव्या आवृत्तीशी सुसंगत' एवढं चालतं. एसआरडीत प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आहे, आणि काही स्पेलमधली पात्रांची नावं काढलेली आहेत. पुस्तकात जादुई हाताच्या ज्या स्पेलला 'बिग्बी' या पात्राचं नाव आहे तो तिथे नुसता 'आर्केन हँड' आहे. त्यामुळे प्रत्येक स्पेलचं नाव पुस्तकातून न उचलता एसआरडीतूनच घ्या. ७२ नावं एकेक करून ताडायला पूर्ण संध्याकाळ गेली आणि चार चुका सापडल्या. गुणांचा पर्यायी नियम एसआरडीत नाही, म्हणून तो पीडीएफमध्ये छापला नाही. हिशेबापुरता वहीत राहिला, आणि ऋणकोचा नियम स्वतःच्या शब्दांत लिहिला.

फाइल चढवली ती दोन दिवसांनी परत आली, श्रेयनोंदीतली लायसन्सची लिंक उघडत नव्हती. ओळीच्या शेवटी पूर्णविराम लिंकला चिकटला होता. छापायला देण्याआधी प्रत्येक लिंक पीडीएफमधूनच दाबून पाहा.

शेवटच्या पानावर ऋणकोची २० चौकोनांची पट्टी चार वेळा छापली आहे, कापायच्या तुटक रेघेसह. खाली एकच सूचना आहे: पेन्सिल वापरा, पेन नको, कारण देणं पुसावंही लागतं. चौकोन ८ मिलिमीटरचे ठेवले आहेत. पहिल्या छपाईत ते ५ मिलिमीटरचे होते आणि एक चौकोन पुसताना शेजारचे दोन पुसले जात होते.